लाखेच्या मोहरेखालचा कोरा कागद

गेल्या काही वर्षांत पुण्यामुंबईच्या सुखवस्तू वस्त्यांतून एका नव्या व्रताचे प्रस्थ वाढले आहे. रविवारी सकाळी एखाद्या उपाहारगृहाच्या माडीवर सुविद्य स्त्रीपुरुषांचा मेळा जमतो. प्रत्येकापुढे एक पेटी ठेवलेली असते, आणि तिच्यात चहाच्या पाण्यात बुडवून मुद्दाम पिवळा केलेला व कडांना मेणबत्तीची आच देऊन किंचित जाळलेला कागद, पिसाची लेखणी, दौत, लाखेची कांडी, पितळी ठसा, सुतळीचा तुकडा आणि वाळवलेली दोन फुले असा सारा सरंजाम असतो. त्या पेटीची किंमत मात्र अशी असते की तेवढ्या पैशांत टपालखात्याची हजारावर कार्डे विकत घेता यावीत. दोन तास लाख वितळते, ठसे उमटतात, सुस्कारे सुटतात. मग जो लखोटा तयार होतो त्याचे छायाचित्र शेकडो अपरिचितांना इन्स्टाग्रामवर दाखवले जाते, आणि पुष्कळदा त्या लखोट्याचा प्रवास तेथेच संपतो; कारण तो कोणाला पाठवायचा हा प्रश्न पेटी विकणाऱ्याने सोडवलेला नसतो.

हा केवळ छंद असता तर त्याविरुद्ध लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. कोणी काडेपेट्यांची चित्रे जमवतो, कोणी कुंड्यांत निवडुंग लावतो. त्यात कोणाचे काय जाते? परंतु या मंडळींनी छंदाला धर्माची वस्त्रे चढवली आहेत आणि उरलेल्या जगाला पाखंडी ठरवले आहे. त्यांचे प्रतिपादन त्यांच्याच अभिनिवेशाने मांडायचे तर असे : पूर्वीचा काळ प्रेमळ होता, कारण तेव्हा माणसे पत्रे लिहीत, हस्ताक्षरात लिहिणाऱ्याचे हृदय उतरते, छापील अक्षराला हृदय नसते, पत्राची वाट पाहण्यात जी गोडी होती ती तत्काळ पोचणाऱ्या निरोपाने नष्ट केली, कागद टिकतो, पडद्यावरची अक्षरे विरून जातात, आणि म्हणून जुन्या धर्तीचा कागद, जुन्या धर्तीची लेखणी व लाखेची मोहर यांचे पुनरुज्जीवन केले की माणसामाणसांतला आटलेला जिव्हाळा पुन्हा पाझरू लागेल. या प्रतिपादनातले एकही कलम तपासणीला टिकत नाही, आणि तरी ते वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून इतक्या बिनतक्रारपणे पुनःपुन्हा छापले जाते की त्याचा एकदा मुळापासून समाचार घेणे आवश्यक झाले आहे.

प्रथम त्या पिवळ्या कागदाचेच पाहू. आजोबांची पत्रे पिवळी आहेत हे खरे. पण आजोबांनी ती पिवळ्या कागदावर लिहिली होती काय? ज्या दिवशी ती लिहिली त्या दिवशी तो कागद त्यांना परवडेल तितका स्वच्छ, पांढरा आणि नवा होता. आज चहाचे डाग पाडून जे विकले जाते ते जुन्या माणसांचे लेखनसाहित्य नव्हे, ते त्यांच्या लेखनसाहित्यावर पडलेल्या काळाच्या छापेचे नाटक आहे. आणि यातला विनोद असा की चहातल्या आम्लाने कागद अधिकच ठिसूळ होतो, तेव्हा कागदाच्या चिरंजीवित्वाची स्तोत्रे गाणारे हे भक्त आपल्या कागदाचे आयुष्य स्वहस्ते कमी करीत असतात. ज्या जुन्या कागदाचे खरोखर कौतुक करावे तो जुन्नरी आणि दौलताबादी कागद चिंध्यांच्या लगद्यापासून मोठ्या कष्टाने होत असे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या धंद्यावरून पडले. तो कागद दोनअडीचशे वर्षे टिकला तो त्यावर काव्य होते म्हणून नव्हे, तो चांगला केलेला होता म्हणून. आणि त्यावर लिहिणारे कारकून त्याची इतकी काटकसर करीत की मोडीच्या ओळी एकीला एक भिडवून, समास पुरवून, जागा संपल्यावर मजकूर आडवा वळवून ते कागदाचा तसूही रिकामा सोडीत नसत. कोऱ्या जागेत वाळलेले फूल चिकटवण्याची चैन पेशव्यांच्या फडातल्या कोणाही कारकुनाला वेडाचाराची वाटली असती.

मोहरेचीही कथा निराळी नाही. आमच्या जुन्या पत्रांच्या अखेरीस जे मोर्तब असे, त्याचा हेतू जिव्हाळा प्रकट करणे हा नसून, मजकूर येथे संपला, याखाली दुसऱ्या कोणी एक अक्षर घुसडू नये, असा बंदोबस्त करणे हा होता. टपालखात्यानेही विम्याच्या पार्सलावर लाख मागितली ती वाटेत कोणी हात मारील या भयाने. तात्पर्य, मोहर हे पत्रव्यवहाराच्या इतिहासातले संशयाचे चिन्ह आहे. ज्या पत्रात लपवण्यासारखे काही नाही, लांबवण्यासारखे काही नाही, आणि बहुधा वाचण्यासारखेही काही नाही, त्यावर ती ठोकण्यात कोणते रहस्य रक्षिले जाते? शिवाय पिसाची लेखणी आणि लाखेवर उमटवलेले इंग्रजी आद्याक्षर यांचा आमच्या कोणत्या आजोबांशी संबंध होता? आजोबा बोरूने लिहीत, नंतर टाकाने लिहीत, आणि पाण्यात शाईची वडी विरघळवून दौत भरीत. मुंबईच्या दांडेकरांनी 1931 साली सुरू केलेल्या आणि पुढे कॅमलिन या नावाने घरोघर पोचलेल्या कारखान्याचा आरंभ अशाच शाईच्या भुकटीने आणि वड्यांनी झाला. तेव्हा या पेटीतून जो भूतकाळ विकला जातो तो आमचा नव्हे. तो विलायती चित्रपटांतला आहे, आणि त्याच्याविषयी हळवे होणे म्हणजे दुसऱ्याच्या आजीच्या आठवणीने डोळे पुसणे होय.

साधनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांना आपण आदर्श मानतो त्या पूर्वजांनी नवे साधन हाती येताच जुने टाकून दिले. टाक आला तेव्हा बोरूवाल्यांनी अक्षर बिघडल्याची ओरड केली, झरणी आली तेव्हा टाकवाल्यांनी केली, आणि बॉलपेन आले तेव्हा शाळामास्तरांनी ते वर्गात वापरण्याची मनाई केली; ओरडणाऱ्यांच्या मुलांनी मात्र बिनदिक्कत नवे साधन उचलले आणि पत्रे लिहिली. मागच्या पिढीच्या साधनाची मूर्ती करून तिला नैवेद्य दाखवण्याइतका फावला वेळ त्यांच्यापाशी नव्हता, कारण त्यांना कोणाला तरी काही तरी कळवायचे होते.

आता त्या प्रेमळ, पत्रलेखक पूर्वकाळाकडे वळू. कारण या पंथाची सर्वांत मोठी लबाडी तेथे आहे. 'पूर्वी लोक पत्रे लिहीत' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा 'लोक' म्हणजे कोण? 1901 च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा पाचाच्या आसपास होते आणि स्त्रियांत ते शेकडा एकही नव्हते. 1951 साली, म्हणजे स्वराज्य मिळून चार वर्षे झाल्यावर, ते शेकडा 18.33 होते आणि स्त्रियांत शेकडा 8.86. याचा सरळ अर्थ असा की ज्या युगाची आज आरती ओवाळली जाते त्या युगात शंभरांतल्या एक्याण्णव स्त्रियांना आपले पत्र आपल्या हाताने लिहिता येत नव्हते आणि आलेले पत्र आपल्या डोळ्यांनी वाचता येत नव्हते. हस्ताक्षरात हृदय उतरते म्हणणाऱ्यांनी सांगावे, यांचे हृदय कोणाच्या अक्षरात उतरत होते?

ते उतरत होते परक्याच्या अक्षरात. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिससमोर, कबुतरखान्याशेजारी, ताडपत्रीखाली मेज मांडून बसणारे पत्रलेखक होते. गिरणगावातला हमाल, गोदीतला कामगार, घाटावरून किंवा कोकणातून आलेला चाकरमानी त्यांच्यापुढे उकिडवा बसे आणि बायकोच्या आजारपणाची, सावकाराच्या तगाद्याची, पोराच्या शाळेची हकीकत रस्त्यावरच्या रहदारीत उच्च स्वराने सांगे. लेखक तिला आपल्या ठरीव साच्यात बसवी : 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष', मध्ये क्षेमकुशल, शेवटी 'कळावे, लोभ असावा'. ते पत्र गावी पोचले की पोस्टमन किंवा शाळामास्तर ओटीवर बसून ते मोठ्याने वाची, आणि जिच्यासाठी ते लिहिलेले असे ती सासूच्या आणि जावांच्या घोळक्यामागे, दाराआड उभी राहून ऐके. तिचे उत्तरही असेच दुसऱ्याच्या हातून, सासऱ्याच्या देखत जाई आणि त्यात ती सुखरूप असल्याचे नमूद असे. तिला खरोखर काय सांगायचे होते ते जात्यावर बसल्यावर ओवीत उमटे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मावळातून आणि अन्यत्र हिंडून अशा लाखावर ओव्या जमवल्या. बाईच्या मनाचा जो पत्रव्यवहार म्हणायचा तो तेथे आहे. त्याला कागद नव्हता, शाई नव्हती, हस्ताक्षर तर नव्हतेच.

आणि त्या गरीब कुटुंबांत सर्वांत उत्कंठेने कशाची वाट पाहिली जात असेल तर ती पत्राची नव्हे, मनीऑर्डरची. 1880 साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि अर्धे कोकण तिच्यावर जगले. त्या फॉर्मच्या तळाशी चार ओळींच्या मजकुराला जागा ठेवलेली असे. 'रुपये पंधरा पाठविले आहेत, धाकटीला औषध आणावे, शिमग्याला येतो' एवढा मजकूर तेथे मावे. त्या चिठोऱ्यांना कोणी जुने वळण म्हणत नाही, त्यांची कोणी कार्यशाळा भरवत नाही. कारण त्यांना घामाचा आणि उपासाचा वास आहे, आणि या पेटीतल्या भूतकाळाला फक्त गुलाबपाण्याचा वास असावा लागतो.

हस्ताक्षर म्हणजे सचोटी, हे दुसरे कलम. जणू काय हात खोटे लिहीतच नाही! ज्या काळी लग्ने पत्रांनी जुळत आणि पत्रांनीच मोडत, त्या काळी मुलगी काळी म्हणून किंवा हुंडा कमी म्हणून नाकारली तरी कार्डावर 'पत्रिका जुळत नाही' असे सुबक वळणात लिहून येई. हुंड्याचा आकडा व मानपानाची यादीही स्वहस्तेच लिहिली जाई. आणि जुळलेली लग्ने मोडण्यासाठी हितशत्रू जी निनावी पत्रे धाडीत ती काही छापखान्यातून काढून आणलेली नसत. गोपाळराव जोशांनी आपल्या पत्नीला, फिलाडेल्फियाच्या थंडीत एकट्याने वैद्यक शिकणाऱ्या आनंदीबाईंना, जी टोचणारी आणि संशयाने भरलेली पत्रे लिहिली ती हस्ताक्षरातच समुद्र ओलांडून गेली. याउलट त्याच आनंदीबाईंना अमेरिकेत ज्या माउलीने आसरा दिला, त्या न्यू जर्सीतील रोझेलच्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा स्नेह जडला तो कशातून? दातांच्या डॉक्टरकडे बसल्या असता कार्पेंटरबाईंच्या हाती एक मिशनरी मासिक पडले, त्यात गोपाळरावांचा पत्रव्यवहार छापलेला होता, आणि तो वाचून त्यांनी हिंदुस्थानात पत्र धाडले. छापील, हृदयशून्य म्हणून हिणवलेल्या अक्षरानेच एका मराठी मुलीला परदेशात आई मिळवून दिली. यावर लाखवाल्यांचे काय म्हणणे आहे?

किंबहुना मी याच्याही पुढे जाऊन विचारतो : मराठीतली जी पत्रे आपण पत्रवाङ्मय म्हणून मिरवतो, ती आपण कोणत्या स्वरूपात वाचली? जी. ए. कुलकर्णी धारवाडला बसून लिहीत. त्यांच्या पत्रांचे खंड निघाले आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचे 'प्रिय जी. ए.' हे पुस्तक निघाले. साने गुरुजींची आपल्या पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' दोन पिढ्यांनी वाचली. या हजारो वाचकांपैकी मूळ कागद किती जणांनी पाहिला? कागदाचा रंग, शाईचा रंग, अक्षराचे वळण, यांतले काहीही त्यांच्यापर्यंत पोचले नाही. छापखान्याच्या एकसारख्या टाइपात, प्रुफे तपासणाऱ्यांच्या हातांखालून जाऊन ती पत्रे आली, आणि तरी वाचणाऱ्याचा गळा दाटून आला. हस्ताक्षर गाळूनही पत्राचे सर्वस्व शिल्लक राहते याचा याहून निर्णायक पुरावा कोणता हवा? जे शिल्लक राहते ते आहे लिहिणाऱ्याचे मन, त्याचा व्यासंग, त्याचा विनोद, समोरच्या माणसाविषयीची त्याची बारीक नजर. हे ज्याच्यापाशी आहे तो रद्दीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून जाईल. ज्याच्यापाशी नाही त्याने सोन्याच्या निबाने लिहिले तरी 'तू कशी आहेस, मी मजेत, पाऊस छान पडतोय' यापलीकडे त्याची मजल जायची नाही. आणि खरोखरच जात नाही. या कार्यशाळांतून जी पत्रे बाहेर पडतात त्यांच्या छायाचित्रांतला मजकूर वाचून पाहावा. पत्रात पत्राविषयीच लिहिलेले असते! हाताने लिहिण्यात किती आनंद आहे, शाईचा वास किती मोहक आहे, हे कागद किती सुंदर आहेत. ज्याला पत्र धाडले त्या बापड्याचा उल्लेख पाकिटावरच्या पत्त्यापुरता.

वाट पाहण्याच्या गोडीविषयी जे बोलतात त्यांनी बहुधा कधी वाट पाहिलेली नसावी. पत्र उशिरा पोचणे ही जुन्या जगाची उणीव होती, आणि ती त्या जगाला बोचत होती. मराठेशाहीने जासूद आणि सांडणीस्वार पोसले, कोसाकोसावर त्यांच्या बदलीची तजवीज केली, ती वार्तेला मुरू देण्यासाठी नव्हे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे घडले त्याची वार्ता, चुलतभावाच्या आणि मुलाच्या मदतीला फौज घेऊन उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नव्हते. ही झाली राज्याची गोष्ट. घरोघर काय होत असे? आई अत्यवस्थ असल्याचे कार्ड मुंबईला पोचेपर्यंत गावी दहावा उरकलेला असे. मृत्यूच्या पत्रावर 'श्री' लिहीत नसत. ते हाती पडताच, मजकूर वाचण्याआधीच, बाई ओटीवर मटकन बसे. ते घरात नेत नसत, बाहेरच वाचून फाडून टाकीत. दाराशी तारवाला आला की शेजारीपाजारी गोळा होत, कारण तारेने सहसा शुभ येत नसे. अशा वाट पाहण्यात कोणती गोडी होती हे त्या बाईला विचारायला हवे होते. आज परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर पाहणाऱ्या म्हातारीला जर कोणी म्हणाले, 'आजी, त्यापेक्षा तीन आठवड्यांनी पत्र आले असते तर तुमचे प्रेम अधिक मुरले असते', तर ती हातातली वाटी फेकून मारील, आणि ते योग्यच होईल.

ज्यांनी टपालाची खरी सेवा केली ते या असल्या गोडीच्या नादी कधीच लागले नाहीत. अंतर कितीही असले तरी पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर 1854 साली ठरला आणि पत्र लिहिणे ही मोठ्यांची मिरास राहिली नाही. 1879 साली पाव आण्याचे कार्ड निघाले आणि ते गरिबाच्या आवाक्यात आले. रत्नागिरीकडचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात काव्ये आणि नाटके लिहिणारे रसिक पंडित. टपालखात्यात मोठ्या हुद्द्यावर असता त्यांनी पाकिटावर कमळे काढावी असे सुचवले नाही. एकाच नावाची दहा गावे आणि दहा लिप्यांतले पत्ते यांनी पत्रे वाट चुकतात हे पाहून त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड बसवून दिला, आणि 15 ऑगस्ट 1972 पासून तो देशभर लागू झाला. पत्रावर प्रेम करणे म्हणजे ते योग्य दारी, लवकर आणि स्वस्तात पोचवणे, असे मानणाऱ्यांची ही परंपरा आहे. लाखवाल्यांची परंपरा याच्या नेमकी उलट आहे : पत्र महाग करावे, सावकाश करावे, आणि पोचले नाही तरी त्याचे छायाचित्र पोचवावे.

म्हणूनच यांचे प्रेम नेहमी अंत्ययात्रेला हजर असते. तारेचे खाते वर्षानुवर्षे ओस पडले होते. 2013 च्या जुलैत ते बंद होणार असे जाहीर होताच अखेरच्या दिवशी तारघरांपुढे रांगा लागल्या आणि ज्यांनी जन्मात तार केली नव्हती त्यांनी स्मरणचिन्ह म्हणून स्वतःलाच तारा धाडल्या. 2025 साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले तेव्हाही हाच शोक झाला. या शोक करणाऱ्यांना कोणी विचारावे की गेल्या वर्षात आपण रजिस्टर किती केलीत? पन्नास पैशांचे कार्ड आणि अडीच रुपयांचे अंतर्देशीय पत्र टपालखाते तोटा सोसून आजही विकते. कार्डाचा खर्च त्याच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. परंतु कार्डाला कोपरे जाळलेले नाहीत, त्यावर मोहर बसत नाही आणि त्याची छायाचित्रे खुलून दिसत नाहीत, सबब ते या पुनरुज्जीवनातून वगळले गेले आहे. पत्राच्या इतिहासातले सर्वांत लोकशाहीवादी साधन खिडकीमागे पडून आहे, आणि त्याच्या नावाने गळा काढणारे बाजारातून नव्वदपट किमतीची पाकिटे घेत आहेत!

कागद टिकतो, हे शेवटचे कलम. त्यासंबंधी थोडक्यात सांगतो. कागद टिकत नाही; माणसे तो टिकवतात. जुन्या पत्रांपैकी बहुतेक वाण्याच्या पुड्यांत गेली, बंबात गेली, वाळवीने खाल्ली. जी राहिली ती इतिहाससंशोधक राजवाड्यांसारख्या वेड्या माणसाने गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरचे कागदांचे रुमाल उलगडून, 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंडांत छापली म्हणून. आणि सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून पंचेचाळीस खंड निवडून काढले म्हणून. येथेही पाहा, वाचवले ते छापून. ज्यांना फोनवरचे निरोप विरून जाण्याची चिंता वाटते त्यांनी ते उतरवून ठेवण्याची तजवीज करावी. त्यासाठी पिसाची लेखणी लागत नाही, आळस सोडावा लागतो.

एवढे मात्र मी मान्य करतो की मुलांनी वहीत हाताने लिहावे, त्याने विचाराला शिस्त लागते आणि वाचलेले मनात राहते. पण तो शाळेच्या वहीचा प्रश्न आहे. त्याचा आधार घेऊन लाख विकणे हे धान्याच्या गुणांवरून पत्रावळीची महती सांगण्यासारखे आहे.

आणि जिव्हाळ्याचे काय? तो आटला असेल तर त्याचा दोष फोनवर ढकलून हात झटकता येत नाहीत. ज्या भ्रमणध्वनीला आपण शिव्या देतो त्यावरच गावाकडच्या काकूंचा चार वाक्यांचा निरोप येतो, 'बाळा, गुडघे फार दुखतात, आंबे उतरवायला कोणी नाही, तू येशील का'. आणि त्याला आपण दोन जोडलेल्या हातांचे चित्र धाडून मोकळे होतो. काकूंना चार सविस्तर ओळी टंकून पाठवण्यास कोणी मनाई केली होती? त्या ओळी हे पत्रच झाले असते. तसे न करता रविवारी पैसे भरून, अनोळखी माणसांत बसून, कोणालाही उद्देशून नसलेला लखोटा सजवणे, याला पत्रलेखनाचे पुनरुज्जीवन म्हणणे हा शब्दांचा आणि काकूंचाही अपमान आहे. पत्राला लागतो तो समोरचा माणूस. तो ज्याला दिसत नाही त्याला जगातली सर्व लाख वितळवूनही पत्र लिहिता येणार नाही, आणि तो ज्याला दिसतो त्याने आजवर कधी साधनांची तक्रार केलेली नाही. बिनतिकिटाची, नाटपेड पत्रे टाकून दुप्पट हशील समोरच्याच्या माथी मारणाऱ्या फटिंगांनीही उत्तम पत्रे लिहिली आहेत.

एवढे वाचूनही ज्यांची जुन्या पत्रांची ओढ कायम असेल त्यांना एक विनंती आहे. घरातल्या ट्रंकेत आजीआजोबांची पत्रे असतील ती या आठवड्यात काढा. घरातले सर्वांत वडील माणूस हयात आहे तोवर त्यांच्याकडून प्रत्येकातली नावे, गावे आणि नाती विचारून घ्या व वेगळ्या वहीत उतरवून ठेवा. पत्रांची छायाचित्रे काढा, ती भावंडांना पाठवा, आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता कोरड्या जागी ठेवा. त्यांत मोडीतले एखादे निघाले आणि ते वाचता आले नाही, तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात तशा कागदांचे हजारो रुमाल वाचणाऱ्याची वाट पाहत पडून आहेत हे ध्यानात असू द्या. मोडीचे वर्ग भारत इतिहास संशोधक मंडळात भरतात. तेथे जाताना वही आणि शिसपेन्सिल न्यावी. लाखेची कांडी घरी ठेवली तरी चालेल.